गोंडी मौखिक परंपरा आणि हत्यारविद्येचे संक्रमण

१

नागपूरच्या सांस्कृतिक इतिहासात १८६३ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी मध्यवर्ती संग्रहालयाची, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या 'अजब बंगल्या'ची, स्थापना झाली. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतत असता नाल्याच्या पुरात बुडून मरण पावले. १८४५ पासून नागपुरात वास्तव्य केलेल्या हिस्लॉप यांनी गोंडांविषयी जमवलेली टिपणे आणि एका परधानाकडून उतरवून घेतलेले लिंगोचे दीर्घ गीत त्यांच्या कागदपत्रांत मागे राहिले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या नावात या समाजांसाठी 'ॲबओरिजिनल' हा शब्द योजलेला होता. 'मूळचे रहिवासी' हा त्याचा सरळ अर्थ. पुढे 'वन्य जाती', 'गिरिजन' अशी नावे आली आणि मागे पडली. 'आदिवासी' हे तेवढे टिकले.

गोंडवनातील वस्तू काचेच्या कपाटात ठेवण्याची सोय आणि गोंडवनातील शब्द छापील पानावर येणे, या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच शहरात तीन वर्षांच्या अंतराने घडल्या. पुढील दीडशे वर्षांत ही विभागणी अभ्यासाच्या क्षेत्रातही पक्की झाली. वस्तू मानवशास्त्राकडे व वस्तुसंग्रहालयांकडे गेली, गीत लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे आले. ज्या हाताने ती वस्तू घडवली आणि ज्याच्या तोंडी ते गीत होते तो माणूस मात्र बहुधा एकाच वाडीवरचा, पुष्कळदा एकाच घरातला होता. त्याच्या ज्ञानाचे असे दोन तुकडे केल्यामुळे काय निसटले, आणि हत्यार घडवण्याचे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते ते नेमके कशाच्या आधाराने, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी एक शब्दविचार. मराठीत 'हत्यार' हा शब्द शस्त्राला लावतात तसा कारागिराच्या साधनालाही लावतात. शेतीच्या साधनाला मात्र 'अवजार' म्हणतात. गोंड जीवनात ही वाटणी लागू पडत नाही. कुऱ्हाड झाड तोडते, शिकारीत उपयोगी पडते, वाटेवर सोबत करते आणि घरात मानाने टांगलेली असते. त्यामुळे येथे 'हत्यार' हा शब्द व्यापक अर्थाने घेतला असून वाद्याचाही त्यात समावेश केला आहे. वाद्य हे गायकाचे हत्यारच असते, आणि परधानांच्या बाबतीत तर ही गोष्ट अक्षरशः खरी आहे.

२

हिस्लॉप यांच्या संग्रहातील लिंगोगीताचे पाच भाग आहेत. सृष्टीची उत्पत्ती व गोंडांचा गुहेतील बंदिवास, लिंगोचे आगमन, गोंडांची सुटका, कुळांची विभागणी व देवांची स्थापना, आणि विवाहविधी असा त्यांचा क्रम. या गीताची चर्चा होते ती बहुधा पुराणकथा म्हणून. महादेव-पार्वतींचा त्यात झालेला प्रवेश, हिंदू आणि आदिवासी दैवतांची सरमिसळ, कुळव्यवस्थेचे मूळ हे विषय अभ्यासकांना जवळचे वाटत आले. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु दुसऱ्या भागाकडे कारागिराच्या नजरेने पाहिले की अगदी वेगळे चित्र दिसू लागते.

बंदिवासातून निसटलेले चार भाऊ 'कचिकोपा लोहगड' येथे राहतात. या स्थळनामाचा अर्थ पहिल्या भाषांतरापासून 'लाल डोंगरातील लोखंडाची दरी' असा लावला गेला आहे. कथानायकाचे घरच लोखंडाच्या दरीत आहे, ही गोष्ट सहज नजरेआड होण्यासारखी नाही. लिंगो या भावांना भेटतो तेव्हा ते शिकारीवर जगत असतात. तो त्यांना शेतासाठी जंगल तोडण्यास सांगतो. भाऊ कुऱ्हाडी घेऊन अंजनाच्या झाडांना भिडतात आणि त्यांच्या हातांना फोड येतात. काम जड आहे, हे जमणार नाही, असे म्हणून ते हात गाळून बसतात. मग लिंगो स्वतः कुऱ्हाड हाती घेतो आणि पाहता पाहता झाडे पाडून, मुळे खणून, शेत मोकळे करतो.

विदर्भाच्या जंगलात वावरलेल्या श्रोत्याला यातील 'अंजन' हे नाव ऐकताच हसू फुटत असले पाहिजे. अंजनाचे लाकूड इतके कठीण आणि जड की नवशिक्याने त्यावर पहिला घाव घालणे हा शुद्ध अडाणीपणा. गीत हे समजावून सांगत बसत नाही. ऐकणाऱ्याला झाड ठाऊक आहे, फोड ठाऊक आहे, आणि कोणत्या झाडाला कोणत्या अंगाने घाव घालावा याची समज नसली की काय होते तेही ठाऊक आहे, असे गृहीत धरूनच ते पुढे जाते. संग्रहालयातील कुऱ्हाडीजवळच्या चिठ्ठीवर जमातीचे नाव असेल, जिल्ह्याचे असेल. त्या कुऱ्हाडीने कोणाच्या हाताला फोड आले हे कधी नसते. गीतात ते आहे. शिकण्याची सुरुवात फसण्यापासून होते हे अध्यापनाचे तत्त्व लिंगोगीताने कथेच्या अंगानेच सांभाळले आहे.

पुढचा प्रसंगही याच जातीचा. पेरलेले भात नीलगाई खाऊन जातात. भाऊ धनुष्यबाण घेऊन त्यांच्या मागे लागतात, शिकार मिळते; पण मांस भाजायला विस्तव नाही. कमरेची चकमक काढतात, ती पेटत नाही. येथे पुन्हा हत्यार फसते. रिकाड गवाडी नावाच्या एका राक्षसी म्हाताऱ्याच्या शेतावर विस्तव असल्याचे लिंगो सांगतो. धाकटा भाऊ चोरपावलांनी जाऊन जळते लाकूड उचलतो, ठिणगी म्हाताऱ्याच्या अंगावर पडते, तो जागा होतो आणि मुलगा पळत सुटतो. तेव्हा लिंगो स्वतः निघतो, आणि निघताना विस्तव मिळवण्यासाठी तो जे साधन तयार करतो ते शस्त्र नव्हे, वाद्य आहे.

वेलीवरचा भोपळा घ्यावा, बांबू तोडावा, भोपळ्याला भोक पाडून दांडी बसवावी, केसांच्या तारा ताणाव्यात, गज करावा, वाजवून पाहावे: लिंगोच्या कृती गीतात याच धर्तीने एकामागून एक येतात. नंतर तो झाडावर चढून वाजवू लागतो आणि म्हातारा रिकाड नाचू लागतो. विस्तव तर मिळतोच, शिवाय त्याच्या सात मुली भावांना बायका म्हणून मिळतात. चकमकीने जे साधले नाही आणि चोरीने जे साधले नाही ते वाद्याने साधले. गाणारा परधान हे सांगत असताना त्याच्या हातात तसलेच वाद्य असते, हे विसरून चालणार नाही. आपल्या वाद्याची उत्पत्ती तो त्याच वाद्यावर वाजवून सांगतो. छापील पानावर हा प्रसंग म्हणूनच अर्धा राहतो.

येथे एका मोहापासून दूर राहणे आवश्यक आहे. मौखिक परंपरेत सर्व तंत्रज्ञान साठवलेले असते, गीत म्हणजे जणू कारागिराची पोथीच, असे अलीकडे मोठ्या उत्साहाने म्हटले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. परधानाचे वाद्य गीतातल्या वाद्यासारखे नसते. आदिलाबादकडची 'किकरी' किंवा मंडल्याकडचा 'बाना' हे लाकूड कोरून, त्यावर कातडे चढवून केलेले वाद्य असते. तारा तीन आणि त्या घोड्याच्या केसांच्या. गीतात भोपळा आहे, हातात लाकूड आहे. गीतावरून कोणी किकरी करू लागला तर त्याला किकरी करता येणार नाही. मग गीत काय सांभाळते? ते सामग्री सांभाळत नाही, माप सांभाळत नाही. ते कृतींचा क्रम सांभाळते आणि त्या क्रमाचा शेवट वाजवून पाहण्यात, म्हणजे पारखण्यात, होतो हे सांभाळते. लाकूड किती वाळलेले असावे, कातडे किती ओले असता ताणावे, हे हाताचे ज्ञान आहे. ते बापाच्या शेजारी बसूनच येते. गीत त्या बसण्याला कारण पुरवते, त्याला प्रतिष्ठा देते. मुलाला तासणी हाती धरावीशी वाटते, कारण लिंगोनेही ती धरली होती.

३

परधान आणि गोंड यांचे नाते हे यजमान आणि गायक यांचे नाते आहे. परधान हा गोंड कुळाचा वंशगायक. कुळदैवत पेर्सा पेनच्या विधीत त्याच्यावाचून पान हलत नाही. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांनी 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' (१९४८) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. पेर्सा पेनचे प्रतीक म्हणजे लोखंडी भाल्याचे पाते आणि चवरी. देवाला मूर्ती नाही, देव हत्याराच्या रूपाने वसतो. याच दैवतनामाचे 'फर्सा' किंवा 'फरसी पेन' असे रूप जुन्या नोंदींत आढळते आणि त्याचा अर्थ 'फरशीचा देव' असा लावला गेला. गोंडीत 'पेर्सा' म्हणजे थोर, मोठा. मराठी-हिंदीच्या कानाला 'फरसा' ऐकू आला आणि थोर देवाचा फरशीदेव झाला. चूक उघड आहे. पण ज्या देवाचे चिन्हच लोखंडी पाते आहे त्याच्याबाबत ती व्हावी, हेही अगदीच अकारण नाही.

मराठीच्या अभ्यासकाने विशेष दखल घ्यावी अशी बाब पुढेच आहे. आदिलाबादच्या परधानांची घरातली भाषा मराठी आहे. यजमानापुढे गाताना मात्र ते गोंडीत गातात. म्हणजे गोंडांची पवित्र वाणी सांभाळण्याचे काम मराठी बोलणाऱ्या एका समाजाने पिढ्यान्पिढ्या केले. विधीची भाषा एक आणि वाद्य दुरुस्त करताना मुलाला दटावण्याची भाषा दुसरी, अशी ही दुहेरी व्यवस्था. आदिलाबादला लागून असलेल्या यवतमाळ, चंद्रपूर, किनवट या मराठी मुलखाशी या समाजाचा सोयरसंबंधाचा आणि बाजारहाटाचा व्यवहार. तेव्हा परधानाच्या कारागिरीची परिभाषा ही गोंडी लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे सोपवून मोकळे होण्याची गोष्ट नाही. मराठीच्या बोलींच्या अभ्यासाचाही तो विषय आहे, आणि आजवर तो जवळजवळ अस्पर्शित राहिला आहे.

लोखंडाकडे वळले की हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. विदर्भातील लोखंडाची परंपरा फार जुनी आहे. हिस्लॉप जी वर्तुळे पाहायला गेले त्याच महापाषाणीय संस्कृतीची माहूरझरी, नैकुंड आदी स्थळे पुढे डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनित झाली. आडव्या लोखंडी कड्यांनी दांड्याला आवळलेल्या चपट्या कुऱ्हाडी हे या संस्कृतीचे वैशिष्ट्य, आणि नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. तिचा काळ इसवीसनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा मानतात. या कुऱ्हाडी करणाऱ्यांचा आजच्या गोंडांशी वा अगरियांशी वांशिक संबंध जोडण्याचा आततायीपणा करण्याचे कारण नाही. याच भूमीत लोखंड गाळणारे हात अडीच हजार वर्षांपूर्वीही होते, एवढीच नोंद पुरेशी आहे.

व्हेरिअर एल्विन यांनी 'द अगरिया' (१९४२) हा ग्रंथ लिहिला तेव्हा मंडला, बालाघाट, बिलासपूर या तत्कालीन मध्य प्रांताच्या जिल्ह्यांत अगरिया समाज मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळत होता. प्रांताची राजधानी नागपूर होती. एल्विन यांनी नोंदवलेल्या दैवतांत लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर ही तीन नावे ठळक आहेत. धर्माच्या अभ्यासकाला हे तीन असुर दिसतील. भट्टीसमोर बसलेल्याला त्या तीन आवश्यक गोष्टी दिसतात: खनिज, कोळसा आणि विस्तव. भट्टी बिघडली तर कोणता देव कोपला, हा प्रश्न म्हणजे दोष खनिजात आहे, कोळशात आहे की आचेत आहे, हा प्रश्न. देवांची नावे घेता घेता शिकाऊ मुलगा दोष शोधण्याची रीत आत्मसात करतो. भाता पायांनी चालवण्याचे काम बायकाही करीत. तेव्हा हे ज्ञान पुरुषांपुरते होते असेही नाही.

ही विद्या का ओसरली याची कारणे एल्विन यांच्याच ग्रंथात आहेत आणि ती कोणत्याही 'मागासलेपणा'त नाहीत. भट्ट्यांवर कर बसला. राखीव जंगलांमुळे कोळसा पाडणे अवघड झाले. कारखान्यातले स्वस्त लोखंड बाजारात आले. कारागीर विसरला म्हणून विद्या गेली, असे झाले नाही. विद्या वापरणे त्याला परवडेनासे झाले, आणि मग पुढच्या पिढीला ती शिकवण्याचे प्रयोजन उरले नाही. संक्रमणाच्या चर्चेत 'नव्या पिढीची अनास्था' हा शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला जातो. अनास्था हे पुष्कळदा शेवटचे लक्षण असते. रोगाचे मूळ तेथे नसते.

कच्च्या मालाचा हा प्रश्न बांबूच्या बाबतीत तर अगदी आपल्या डोळ्यांदेखत घडला. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या संज्ञेत बांबूचा समावेश केला होता. टोपली, सूप, मासे धरण्याचे साधन, धनुष्याची कांब, कुडाची भिंत हे सारे ज्याच्यापासून होते तो बांबू तोडणे त्यामुळे वनखात्याच्या अखत्यारीत गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात गणला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये ग्रामसभेने बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळवला. वन कायद्यातील बांबूची व्याख्या बदलायला २०१७ साल उजाडले. म्हणजे नव्वद वर्षे, सुमारे चार पिढ्या, बांबूचे काम शिकवणाऱ्या बापाला मुलाला जंगलात नेऊन 'हा तोड, तो नको' असे निर्धास्तपणे सांगता येत नव्हते. बांबूची पारख ही बांबूच्या रांजीतच होते, घरात आणून टाकलेल्या कांबीवर नाही.

४

हत्यार बदलले की त्याभोवतीचे ज्ञान आपोआप बदलते, की कोसळते? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. तेथील केप यॉर्क द्वीपकल्पात राहणाऱ्या यिर योरोंट या आदिवासी समाजाचा लॉरिस्टन शार्प यांनी १९३० च्या दशकात अभ्यास केला आणि १९५२ मध्ये दगडी कुऱ्हाड व पोलादी कुऱ्हाड यांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. दगडी कुऱ्हाड पुरुष घडवीत. लाकडी दांडा व डिंक जवळपास मिळे. पात्याचा दगड मात्र शेकडो मैलांवरच्या खाणींतून, देवघेवीच्या भागीदारांच्या साखळीने येई. कुऱ्हाड वापरीत बायका अधिक, पण ती पुरुषाकडून मागून घ्यावी लागे. दगडी कुऱ्हाडीला कुळाचे दैवत होते, उत्पत्तिकथा होती. मिशनऱ्यांनी पोलादी कुऱ्हाडी बायकांना, तरुणांना वाटल्या. काम सोपे झाले. परंतु वडीलधाऱ्याला धाकट्याकडे कुऱ्हाड मागण्याची पाळी आली, देवघेवीच्या भागीदाऱ्यांचा अर्थ ओसरला, आणि पोलादी कुऱ्हाडीसाठी पुराणकथेत जागाच नव्हती.

शार्प यांच्या निबंधाकडे परंपरेवरील शोकगीत म्हणून पाहिले जाते. तसे पाहू नये. बायकांना कुऱ्हाड मागावी लागत नाही ही काही वाईट गोष्ट नव्हे. महत्त्वाचा मुद्दा असा की नवे हत्यार कथेवाचून आले. गोंडांचा अनुभव येथे वेगळा ठरतो. त्यांच्या कथेत लोखंड आरंभापासून आहे, फसलेली चकमक आहे, आणि विस्तव दुसऱ्याकडून आणावा लागल्याची कबुलीही आहे. परक्याकडून आलेल्या विद्येला त्यांच्या पुराणात जागा आहे. रिकाड गवाडी हा परकाच. त्यामुळे बाजारातली कुऱ्हाड गोंडाच्या घरात येऊनही लिंगोची कथा उणी झाली नाही. उणे झाले ते परधानाला बोलावणे. यजमानाकडून मिळणारे धान्य, जनावर, मान हे आटले तसे गायकाने मुलाला शेतमजुरीला किंवा शाळेला लावले. त्यात त्याचा दोष काढता येत नाही.

मंडल्याच्या बाजूला मात्र या तुटलेल्या धाग्याला एक अनपेक्षित फांदी फुटली. शामराव हिवाळे यांनी १९४६ मध्ये ज्यांच्यावर ग्रंथ लिहिला त्या नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांपैकीच पाटणगढचा जनगढसिंह श्याम (१९६२-२००१). १९८० च्या दशकाच्या आरंभी जगदीश स्वामिनाथन यांच्यामुळे तो भोपाळच्या भारत भवनात आला आणि बान्यावर गायिले जाणारे देव त्याने रंगांत आणले. त्याच्या मागून कितीतरी परधान घरांनी कुंचला धरला. कथा टिकली, हात टिकला, पण हत्यार बदलले. याला ऱ्हास म्हणावे की संक्रमण? संक्रमण म्हणणेच न्याय्य ठरेल; फक्त बाना करणारा हात त्यातून वगळला गेला, हे नजरेआड करू नये. आदिलाबादच्या ओझा कारागिरांच्या मेणसाच्यातील पितळी ओतकामाला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. वस्तूचे नाव त्यामुळे राखले जाईल. मेणाची तार वळताना आजी नातीला काय सांगते, ते कोणत्याही निर्देशांकात येत नाही.

५

मराठी साहित्याच्या अभ्यासकाचे काम येथून सुरू होते. दुर्गा भागवत यांनी 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) लिहून या क्षेत्राची पायाभरणी केली. मध्य प्रांतातील गोंडांमध्ये त्यांनी स्वतः भटकंतीही केली होती. सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी भाषेचे व्याकरण सिद्ध केले. ललित साहित्यात गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत' (१९६५) मध्ये ठाकरांचे मध काढण्याचे कसब कथानकाच्या गाभ्याशी आहे; असे उदाहरण विरळच. एरवी आदिवासींचे कसब हे मराठी कादंबरीत बहुधा रंगभरणीपुरते येते. १९७९ मध्ये भद्रावतीला झालेल्या पहिल्या आदिवासी साहित्य संमेलनानंतर आदिवासी लेखक स्वतः लिहू लागले आणि भुजंग मेश्राम यांच्या 'उलगुलान' (१९९०) सारख्या संग्रहातून गोंडी शब्द मराठी कवितेत ताठ मानेने आले. परंतु विद्यापीठीय प्रबंधांत अजून गीतांचे संकलन म्हणजे संहितेचे संकलन, असाच समज प्रचलित आहे. गीत कोण गात होते ते नोंदले जाते. गाताना त्याच्या हातात काय होते, ते त्याने कोणाकडून घेतले, मोडले तर कोण दुरुस्त करतो, हे नोंदले जात नाही.

यावर उपाय फार अवघड नाही. नामांपेक्षा क्रियापदे अधिक काळजीने गोळा करावीत. हत्यारांची नावे कोशात पुष्कळदा सापडतात, मोल्सवर्थच्या कोशात तर विपुल आहेत. हत्याराशी हात काय करतो ते सांगणारी क्रियापदे मात्र बोलीतच राहून जातात. मराठीतच पाहावे: फाळ शेवटतात, विळा पाजवतात, पोलादाला पाणी देतात, लाकूड तासतात, कांब सोलतात, वादी वळतात. यातले 'पाणी देणे' हे क्रियापद ज्याला ठाऊक नाही त्याला लाल तापलेले पाते कोणत्या रंगावर आले असता पाण्यात बुडवावे, हा प्रश्नच पडणार नाही. शब्द प्रश्न विचारायला शिकवतो, उत्तर हात देतो. झाडीपट्टीच्या बोलीत, परधानांच्या मराठीत आणि माडियांच्या बोलीत या एकेका कृतीला काय म्हणतात, कोणते क्रियापद मराठीतून गोंडीत गेले, कोणते गोंडीतून मराठीत आले, ही तुलना करणारा एक प्रबंधही विभागाच्या कपाटात मोलाचा ठरेल. त्यासाठी अभ्यासकाने वही घेऊन गायकासमोर बसण्याऐवजी काम चालू असताना कारागिराच्या बाजूला बसावे. चुकणाऱ्या शिकाऊ मुलाला उद्देशून जी वाक्ये उच्चारली जातात त्यांतच परिभाषेचा खरा साठा असतो. मुलाखतीत तीच माणसे पुस्तकी मराठी बोलू लागतात, हा क्षेत्रकार्य केलेल्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

नागपुरात हे काम करण्यास अनुकूल स्थिती आहे. मध्यवर्ती संग्रहालय आहे, भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे मध्य विभागीय केंद्र आहे, १९८६ मध्ये स्थापन झालेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. २०११ पासून गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठही आहे. मराठी विभागाच्या विद्यार्थ्याने लिंगोगीताचा दुसरा भाग घेऊन संग्रहालयातील कपाटासमोर उभे राहावे, आणि मग त्याच वस्तूंची छायाचित्रे घेऊन परधानाच्या ओसरीवर जावे, एवढी साधी योजनाही फलदायी ठरेल.

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तेथे गोंडांची मोठी यात्रा भरते, आणि गोंडांचा बंदिवास याच गुहेत झाला अशी श्रद्धा आहे. 'कचार' या नावात लोखंडवाचक गोंडी शब्द पाहिला जातो; लिंगोगीतातील 'कचिकोपा'शी त्याचे साम्य लपत नाही. नागपूरचे गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी गोंडी पुनेमची जी मांडणी केली, तीत या गुहेच्या कथेला किंगरीवादक हिरासुका पाटालीर हा महत्त्वाचा नायक लाभला आहे. त्याच्या वादनाने आतल्या मुलांना बळ येते, गुहेच्या तोंडावरची शिळा ढळते, आणि तिच्याखाली सापडून तो स्वतः प्राणाला मुकतो. हिस्लॉपच्या संहितेत वाद्याने विस्तव मिळवून दिला होता, येथे ते शिळा हलवते. दोन कथनांमधला हा फरक कोणत्या परधान घराण्यांकडून आला, आणि त्या घराण्यांतील किंगरी कोणत्या लाकडाची, किती तारांची, कोणी घडवलेली, हे यात्रेला येणाऱ्या वृद्ध गायकांना विचारून घेता येण्यासारखे आहे. दरेकसा स्थानकावर उतरून तेथे जाता येते.